दोनच निघू देत

आमच्या घरात पायाला काहीही झालं की बिब्बा. कुरूप असो, भेग असो, नाहीतर काटा मोडून आत राहिलेला असो. दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचायचा, दिव्याच्या ज्योतीवर धरायचा आणि आतलं तेल चुरचुरायला लागलं की दुखऱ्या जागी टेकवायचा. माणूस 'आई गं' म्हणतो, कातडी भाजते, काळा डाग पडतो आणि पंधरा दिवसांत कुरूप खपलीबरोबर निघून येतं. मला हे सासूने शिकवलं, तिला तिच्या आईने. माझा हात इतका बसलेला होता की आमच्या चाळीतले लोक पाय घेऊन माझ्याकडे यायचे. 'कालिंदीवहिनी, जरा बघा हो.' मी मिरवायचे. मिरवण्यासारखं दुसरं होतं काय माझ्याकडे?

माझा नवरा रमाकांत लालबागला मसाल्याच्या डंखावर कामाला. डंख म्हणजे मिरच्या-धणे कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं दणादण आपटत असतात आणि माणूस समोर उभा राहून खालचा मसाला वर करत असतो. मालक जुन्या वळणाचे. मसाला म्हणजे अन्न, तिथे चप्पल चालायची नाही. त्यामुळे गेली एकतीस वर्षं हे त्या फरशीवर अनवाणी उभे. मार्च ते मे सीझन, बारा-बारा तास. जून लागला की यांचे पाय माझ्या मांडीवर. त्या डंखावरच्या सगळ्यांच्याच तळव्यांना कुरुपं होती आणि सगळ्यांच्याच घरी डब्यात चार बिब्बे पडलेले असायचे.

दोन वर्षांपूर्वी यांच्या उजव्या टाचेवर एक काळा डाग राहून गेला. मी म्हटलं, बिब्ब्याचा असणार. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायचे ते बिब्ब्यानेच, तो असा सहजासहजी जात नाही. पुढच्या जूनमध्ये डाग तिथेच, थोडा पसरलेला. मी पुन्हा बिब्बा लावला. माझ्याच हातून पडलेला डाग, म्हणून मी त्याच्याकडे कधी नीट बघितलंच नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत भरदुपारीसुद्धा ट्यूब लावावी लागायची, असं निमित्त सांगता येईल. पण खरं म्हणजे मी बघितलं नाही.

मग आम्हाला नव्या टॉवरमध्ये घर मिळालं. अठरावा मजला, ऊन थेट पलंगावर. त्या उजेडात मला डाव्या तळव्याच्या खळग्यात दुसरा डाग दिसला, मसुराएवढा. खळग्यात भार पडत नाही, तिथे कुरूप होत नाही. लोकांचे पाय बघण्यात जन्म गेलेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं. नाही कळलं. दोनदा बिब्बा लावला. दुसऱ्या वेळी तो उतला, अर्धा तळवा फोडांनी भरला आणि त्याच आठवड्यात उजव्या टाचेतून रक्त यायला लागलं.

"बस झालं मम्मी तुझं गावठी ऑपरेशन," आमची मेघना म्हणाली. "मी पप्पाला परळला घेऊन जातेय."

मेघना आमची एकुलती एक. चोवीस वर्षांची, लोअर परळला एका ऑफिसात कामाला. तिने फोनवरून नंबर लावला, रजा टाकली आणि आम्हा दोघांना शाळेत पोरं न्यावीत तशी हॉस्पिटलात घेऊन गेली.

डॉक्टर ऋग्वेदा तळपदे चाळिशीच्या, गिरगावातल्या, बोलणं स्वच्छ आणि चेहरा कडक. आमच्या आधी एक बाई होती. तिने सुनेच्या छातीतल्या गाठीवर कसल्याशा पाल्याचा लेप लावला होता, पाच महिने. दार अर्धवट उघडं असल्यामुळे तिला पडलेली बोलणी बाहेर सगळ्यांना ऐकू आली. ती बाई पदर तोंडाशी धरून बाहेर पडली आणि आमचा नंबर लागला.

डॉक्टरांनी दोन्ही तळवे बघितले, भिंगातून बघितले, फोटो काढले. मग विचारलं, "यावर काही लावलं होतं? लेप, चुना, काहीही?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच हे म्हणाले, "नाय डॉक्टर. काय्येक नाय."

बाहेर आल्यावर मी यांना कोपऱ्यात गाठलं. "खोटं कशाला बोललात?"

"त्या बाईक कशी झाडल्यानी ती बघलंस मगे? तुका तसा कोण बोललेला माका चालाचा नाय."

एकतीस वर्षांत या माणसाने माझ्याशी दोन गोड शब्द बोलल्याचं आठवत नाही. बोलायला मुहूर्त शोधला तो हा. आणि मी मूर्ख, मला भरून आलं. मी गप्प बसले.

दोन्ही पायांचे तुकडे काढून तपासायला गेले, वर स्कॅन झालं. पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी आम्हाला तिघांना बसवलं.

"मेलॅनोमा आहे," त्या म्हणाल्या. "त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. उजव्या टाचेतला तिथेच सुरू झालाय, ते स्पष्ट दिसतंय, आणि तो काढता येईल. प्रश्न डाव्या पायाचा आहे."

त्यांनी कागद ओढून दोन रेघा मारल्या, एक वर आणि एक खाली. कॅन्सर जिथे जन्मतो तिथे त्याची सुरुवात या वरच्या थरात दिसते, त्या म्हणाल्या. दुसरीकडून रक्तातून आलेला असला तर तो सहसा खालच्या बाजूला सापडतो.

"यांच्या डाव्या पायाच्या तुकड्यात वरचा थर उरलेलाच नाही. आजाराने झडून गेलाय. म्हणजे तो तिथे जन्मला की उजव्याकडून आला, हे आम्हाला सांगता येत नाही."

"फरक काय पडतो?" मेघनाने विचारलं.

"सगळाच पडतो. उजव्याकडून पसरलेला असेल तर ही चौथी स्टेज. औषधं आहेत, देऊ, पण बरं होण्याची भाषा मी करणार नाही. आणि तो तिथेच वेगळा जन्मला असेल, तर हे दोन स्वतंत्र कॅन्सर. एकाच वेळी दोन. क्वचित होतं, पण होतं. तसं असेल तर दोन्ही कापून काढू. स्कॅनमध्ये बाकी शरीर स्वच्छ आहे, पण स्कॅनला अगदी बारीक काही दिसत नाही. शुक्रवारी आमची सगळ्यांची बैठक आहे. आज जे हातात आहे त्यावरून आम्हाला पसरलाय असंच धरावं लागेल."

आजाराने झडून गेलाय. मी माझ्या उजव्या हाताकडे बघत बसले. तो थर कुणी जाळला ते त्या खोलीत दोघांना माहीत होतं. त्यातल्या एकाने टेबलाखाली माझं मनगट आवळून धरलं होतं आणि दुसरीला तोंड उघडायची छाती होत नव्हती. मला भीती डॉक्टरांच्या ओरडण्याची नव्हती. मेघनासमोर सांगावं लागलं असतं की दोन वर्षं मी तुझ्या बापाच्या कॅन्सरला चटके देत होते. मी भ्याले, दुसरा शब्द नाही.

घरी आलो. दिवेलागणीला मी देवासमोर बसले. आमच्या मालवणाकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. घालणारा पुरुष असतो आणि जमलेले लोक प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बाईने घालायची पद्धत नाही. मी हळू आवाजात घातलं. बा देवा म्हाराजा, आजवर तुझ्याकडे घर मागितलं, पोरीची नोकरी मागितली. आज कॅन्सर मागते. एक नको, दोनच निघू देत. वेगवेगळे निघू देत, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसू दे.

"व्हय म्हाराजा," मागून आवाज आला.

हे पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होते. मला हसू फुटलं, यांनाही फुटलं. नवऱ्याला दोन कॅन्सर व्हावेत म्हणून साकडं घालणारी बायको आणि त्याला साथ देणारा नवरा. हसता हसता मी रडायला लागले ते थांबेचना.

"उद्या जाऊन सांगते मी डॉक्टरांना," मी म्हटलं.

"काय एक सांगूचा नाय." हे उठून बसले. "आता सांगान काय उपेग? जळला ता जळला. उगाच चार लोकांत होतला, बायलेनच घोवाक मारल्यान. माझ्या मागे तुका ह्याच लोकांत रवाचा हा."

माझ्या मागे! तिकडे बैठक व्हायची होती, इकडे हे निघूनसुद्धा गेले होते, माझी अब्रू नीट घडी घालून ठेवून. मला इतका राग आला की रडणंच आटलं. माझी लाज वाचवायला हा माणूस मरायला तयार होता आणि मी इतके दिवस त्याला तसं करू देत होते. त्या क्षणी मला यांच्यापेक्षा माझी जास्त किळस आली.

बुधवारी सकाळी यांना कामावर जाऊ दिलं. हो, हे कामावर जात होते. सीझन होता, आणि घरी बसून तळवे बघण्यापेक्षा डंखाचा आवाज बरा म्हणायचे. मी एकटीच परळला गेले. डॉक्टरांचा वार नव्हता. वॉर्डबॉयने तीनदा सांगितलं, उद्या या. मी बाकावरून हलले नाही. दोन वाजता त्या जेवायला निघाल्या तेव्हा मी सरळ आडवी गेले.

"मी कालिंदी घाडी. दोन पायांवर दोन डाग, त्यांची बायको. आम्ही तुमच्याशी खोटं बोललो. त्यावर बिब्बा लावला होता. मी लावला होता."

मी बोलणी खायच्या तयारीत उभी राहिले. त्या ओरडल्या नाहीत. मला परत खोलीत नेलं, दार लावलं.

"कधी? किती वेळा?"

"उजव्याला दोन जूनमध्ये. डाव्याला दोनदा, शेवटचा तुमच्याकडे यायच्या आठवडाभर आधी."

"म्हणजे वरचा थर आजाराने झडलेला नाही. तुम्ही जाळलाय."

"हो."

"डागाच्या मध्यावर लावला की कडेपर्यंत?"

"मध्यावर. कडेला लावायचाच नसतो. पण दुसऱ्या वेळी उतला. फोड टाचेच्या बाजूला आले."

"आणि बोटांच्या बाजूला?"

मी डोळे मिटले. यांचा पाय माझ्या मांडीवर, माझ्या डाव्या हाताचा अंगठा तळव्यावर, दाभण उजव्या हातात. "बोटांच्या बाजूला तेल गेलं नाही. तिकडे मी अंगठ्याने दाबून धरलं होतं."

डॉक्टर उभ्या राहिल्या. "आम्ही तुकडा मधूनच घेतला होता. काकांना आत्ताच्या आत्ता बोलवा."

हे टॅक्सीने आले, अंगभर मिरचीचा वास, लंगडत, आणि माझ्याकडे न बघता. टेबलावर पालथे झोपले. डॉक्टरांनी कातडीवर खुणा करायचं जांभळं पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "जिथपर्यंत तुमचा बिब्बा गेला तिथपर्यंत रेघ काढा. अंदाजे नको."

मी पाय हातात घेतला. यांनी तो झटक्यात ओढून घेतला. मी परत धरला. "हलू नका," मी म्हटलं. रेघ काढताना माझा हात सरळ चालला. त्या कामाची सवय होती त्याला. टाचेकडून निघून डागाच्या मधून मी रेघ फिरवली. रेघेबाहेर, बोटांच्या बाजूला, नखाच्या कडेएवढा काळा भाग उरला. आधी तो जखमेचाच काठ वाटला होता. डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं, बराच वेळ.

"इथून घेते," त्या म्हणाल्या. मग हातमोजे चढवत, आमच्याकडे पाठ करून, "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर या माणसाला दुसऱ्यांदा कापावं लागलं नसतं. इतक्या दिवसांची किंमत कळतेय का तुम्हाला?"

"चूक माझी आसा," हे उशीत तोंड खुपसून म्हणाले. "'काय्येक नाय' मीच म्हटलंय."

डॉक्टरांनी शुक्रवारच्या बैठकीतलं यांचं नाव पुढे ढकललं. रिपोर्टला नऊ दिवस लागणार होते. त्या नऊ दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही आणि विसरण्यासारखंही नाही. मेघनाला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती उठून गॅलरीत गेली, आणि परत आली तेव्हा मला म्हणाली, "जेवून घे." तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. यांना जरा खोकला आला की मला वाटायचं, छातीत गेला. पाठ खाजवली की वाटायचं, मणक्यात. एका सकाळी खालच्या मजल्यावरची बाई लंगडत आली, "वहिनी, कुरूप झालंय हो." मी तिच्या तोंडावर दार लावून घेतलं आणि मग आत जाऊन बिब्ब्यांचा डबा कचऱ्यात रिकामा केला. तिला अजून वाटतं, नव्या घरात आल्यापासून मी चढेल झाले.

दहाव्या दिवशी आम्ही तिघं परत त्या खोलीत. डॉक्टरांच्या हातात कागद होता आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल होता.

"त्या कडेला वरचा थर शाबूत मिळाला. सुरुवात तिथलीच आहे. उजव्याशी त्याचा संबंध नाही."

"म्हणजे दोन?" मी विचारलं.

"दोन."

मी ओरडलेच. मेघनाने बापाच्या गळ्यात हात टाकले, मी दोघांच्या गळ्यात टाकले. बाहेरची नर्स डोकावून गेली, हे काय चाललंय म्हणून. हे नुसते मान हलवत होते आणि "बरा झाला, बरा झाला" म्हणत होते. डॉक्टरांनी पुढचं सगळं सांगितलं. दोन्ही पायांचं ऑपरेशन, टाच मांडीची कातडी लावून भरायची, जांघेतली एकेक गाठ, सगळ्यांनाच असते ती, काढून तपासायची, उजवा खोल आहे तेव्हा लगेच हुरळून जाऊ नका. मी सगळ्याला हो हो म्हणत होते. दोन निघाले होते. त्यापुढचं काहीही मी उचलून नेलं असतं.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाल्या. "एकाच माणसात दोन स्वतंत्र मेलॅनोमा निघाले की आम्ही घरातलेही तपासतो. कधी कधी हे रक्ताच्या नात्यात असू शकतं. दर वेळी नसतं. भाऊ-बहिणी आहेत?"

"एक भाऊ होतो. तो गेलो," हे म्हणाले. मग थांबून, "रक्ताच्या म्हणजे?"

डॉक्टरांनी, यांनी आणि मी एकदम मेघनाकडे बघितलं. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, कारण तिला इथून परस्पर कामावर जायचं होतं.

पसरलेला एकच असता तर तो यांच्यापाशी संपला असता. हे दोन मीच मागितले होते, हात जोडून, आणि दोन म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं.

"आत्ताच बघा ना," मेघना म्हणाली. तिने बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि बाप झोपला होता त्याच टेबलावर चढून बसली. डॉक्टरांनी दिवा ओढला. हात, नखं, मान, कानांमागे. मग तळवे. मग बोटांच्या बेचक्या, एकेक करून. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

डाव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांमध्ये डॉक्टरांचं भिंग थांबलं.

"हा तीळ कधीपासून आहे?"

"कुठला?" मेघना वाकली. "हा? मला माहीतच नव्हता. मम्मी, हा लहानपणापासून आहे ना?"

"बहुतेक साधाच असेल," डॉक्टर म्हणाल्या, "पण जन्मापासूनचा असेल तर गोष्ट वेगळी. नवीन असेल तर मला काढून बघावा लागेल."

मी वाकून बघितलं. तिळाएवढाच तीळ. या पायांना मी तेल लावलं होतं, या बोटांची नखं कापली होती, पावसाळ्यात चिखल्या झाल्या तेव्हा याच बेचक्यांत हळद भरली होती. मी आठवायचा जीव तोडून प्रयत्न केला. काहीच दिसेना.

"जन्मापासूनचोच आसा," हे भिंतीकडूनच म्हणाले, घाईघाईने. "माका आठवता. बारश्याक बघलेलंय."

मेघनाच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. ती माझ्याकडे बघत राहिली, मी फक्त मान हलवायची बाकी होती.

"नाही डॉक्टर," मी म्हटलं. "यांना आठवत नाही आणि मलाही आठवत नाही. तुम्ही काढा तो."